कांचेच्या नळींतील वीज आणि लेसरचा किरण

शहरांतील ज्या घरांत जुनी ट्यूबलाईट अद्याप भिंतीवर टिकून आहे, तेथील मंडळींना तिची एक खोड पुरेपूर ठाऊक असेल. बटण दाबतांच ती उजळत नाहीं. आधीं दोन्ही टोकांशीं तांबूस झांक दिसते, मग ती दोनचार वेळां लुकलुकते, आणि स्टार्टरची टिकटिक थांबल्यावर एकदम सबंध नळी प्रकाशमान होते. जुन्या बल्बचा व्यवहार याहून सरळ होता. तारेंतून वीज गेली, तार तापली, उजेड पडला. नळींत मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारच नसते. असतो तो थोडासा आर्गॉन वायु व पाऱ्याची लेशमात्र वाफ. आणि वायु हा तर विजेचा वाहक नव्हे! रस्त्यावरील खांबांवरून गेलेल्या उघड्या तारांमध्यें केवळ हवा असते, तरी वीज एका तारेवरून दुसरीवर उडी घेत नाहीं. मग नळींतील वायु विजेला वाट कशी देतो, आणि ती देतांना प्रकाश कां टाकतो? ट्यूबलाईटची जागा आतां बहुतेक घरांतून एल्‌ईडी दिव्यांनीं घेतली आहे. तथापि तिच्या पोटांतील हा व्यापार समजून घेण्यासारखा आहे. कारण त्याच व्यापारांतून पुढें वायूचा लेसर निर्माण झाला, आणि तो निर्माण होईल कीं नाहीं याविषयीं एके काळीं चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांना शंका होती.

हवेंत सर्वकाळ थोडेसे इलेक्ट्रॉन सुटे असतात. अवकाशांतून येणारे विश्वकिरण व भूमींतील किरणोत्सर्गी द्रव्यें हीं त्यांना अणूंपासून मोकळे करीत असतात. असा सुटा इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाखालीं सांपडला, म्हणजे धन टोकाकडे धांवूं लागतो. परंतु नेहमींच्या हवेंत त्याला धांवण्यास जागा कोठली? रेणूंची इतकी दाटी असते कीं, पाऊल उचलावें तों टक्कर. आषाढी एकादशीस पंढरपूरच्या महाद्वारांत कोणीं शर्यत लावावी, तशी त्याची गत होते. मिळविलेला वेग बारीकसारीक धक्क्यांतच खर्ची पडतो. एक सेंटीमीटर हवेंतून ठिणगी पाडावयाची तर सुमारें ३०,००० व्होल्ट लागतात, त्याचें कारण हेंच. नळींतून बहुतेक हवा काढून घेतली, तर मात्र इलेक्ट्रॉनास दोन टकरींच्या मध्यें लांबवर धांव मिळते, आणि तो पुरेसा वेगवान होऊन अणूवर आदळतो. आघात जबर असला, तर त्या अणूंतून आणखी एक इलेक्ट्रॉन निखळतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, अशी ही संतति वाढत जाते, आणि पाहतां पाहतां वायु वीज वाहूं लागतो. यालाच वायूंतील विद्युत्-विसर्जन म्हणतात.

ट्यूबलाईटच्या पट्टींत बसविलेला तो जड, गुणगुणणारा चोक कशासाठीं, याचाहि उलगडा येथें होतो. तारेंतून अधिक प्रवाह न्यावयाचा तर अधिक जोर लावावा लागतो. वायूचा स्वभाव उलटा आहे. प्रवाह वाढला कीं सुटे इलेक्ट्रॉन वाढतात, ते वाढले कीं वाट अधिक सुलभ होते, आणि वाट सुलभ झाली कीं प्रवाह आणखी वाढतो. मोकळें सोडलें, तर नळी थोड्याच वेळांत स्वतःचा नाश करून घेईल. चोक तिला लगाम घालतो. लेसरच्या नळीलाहि असाच लगाम लागतो. तेथें तें काम बहुधा एक साधा विद्युद्रोधक करतो.

निर्वात नळ्या करण्याची कला जर्मनींतील बॉन येथें १८५७ च्या सुमारास हाइन्‌रिख गाइस्लर यानें पूर्णत्वास नेली. हा मनुष्य प्राध्यापक नव्हता. विद्यापीठांतील मंडळींसाठीं कांचेचीं उपकरणें बनविणारा कारागीर होता. पाऱ्याच्या साहाय्यानें हवा ओढून घेणारा पंप त्यानें सिद्ध केला, आणि नाना वळणांच्या, नाना रंगांनीं उजळणाऱ्या त्याच्या नळ्या लोक प्रथम केवळ कौतुकानें पाहूं लागले. पुढें अशाच निर्वात नळ्यांवर प्रयोग करतांना १८९५ सालीं राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले, व १८९७ सालीं जे. जे. थॉमसन यांनीं इलेक्ट्रॉनचें अस्तित्व सिद्ध केलें. खेळणें म्हणून ज्या वस्तूकडे पाहिलें जात होतें, तिनें पदार्थविज्ञानाचा पायाच नवा घातला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

आतां प्रकाशाकडे वळावें. प्रत्येक अणूंत शक्तीच्या ठराविक पायऱ्या असतात. पायरीवर उभें राहतां येतें. दोन पायऱ्यांच्या मध्यें अधांतरीं राहतां येत नाहीं. धांवत्या इलेक्ट्रॉनचा आघात मध्यम असला, तर अणु फुटत नाहीं, तो वरच्या पायरीवर चढतो. तेथें तो बहुधा सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून अधिक टिकत नाहीं. खालीं उतरतो, आणि उतरतांना दोन पायऱ्यांमधील शक्तीचा फरक प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकतो. पायऱ्यांची उंची प्रत्येक मूलद्रव्याची निराळी, म्हणून प्रकाशाचा रंगहि निराळा. १८९८ सालीं लंडन येथें रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनीं द्रवरूप हवेच्या घटकांपासून एक अज्ञात वायु वेगळा काढला व नळींत भरून त्यांतून वीज सोडली. तेव्हां पूर्वीं कोणींहि न पाहिलेला लालभडक प्रकाश पडला. तोच निऑन. १९१० सालीं पॅरिसच्या मोटारप्रदर्शनांत जॉर्ज क्लोद यांनीं निऑनच्या मोठ्या नळ्या लावून दाखविल्या, आणि त्यानंतर जगांतील शहरांच्या रात्री रंगीत झाल्या. ट्यूबलाईटींतील पाऱ्याची वाफ मुख्यत्वें डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश देते; नळीच्या आंतून दिलेला पांढरा लेप तो गिळून दृश्य उजेड बाहेर टाकतो.

हा सर्व प्रकाश मनोहर असला तरी बेशिस्त असतो. अणु केव्हां उतरेल याचा नेम नाहीं, कोणत्या दिशेस प्रकाश टाकील याचाहि नाहीं. आठवड्याच्या बाजारांत जो तो आपल्या मालाच्या नांवानें ओरडत असतो. कोलाहल मोठा, पण त्यांतून एक सूर निघत नाहीं. निऑनची पाटी हा प्रकाशाचा बाजार होय. याच्या उलट लेझीमचा ताफा पाहावा. पन्नास मुलांचे हात एकाच ठेक्यावर वर जातात आणि एकाच ठेक्यावर खालीं येतात. लेसर हा प्रकाशाचा असा ताफा आहे. त्यांतील सर्व लहरी एकाच लांबीच्या, एकाच दिशेस जाणाऱ्या, पावलाशीं पाऊल जुळलेल्या असतात.

ठेका धरतो कोण? त्याचें उत्तर १९१७ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं देऊन ठेविलें होतें. वरच्या पायरीवर चढून बसलेल्या अणूजवळून नेमक्या त्याच शक्तीचा प्रकाश गेला, तर अणु आपल्या वेळेची वाट न पाहतां लगेच उतरूं शकतो, आणि त्यानें टाकलेला प्रकाश आलेल्या प्रकाशाशीं तंतोतंत जुळतो. एका किरणाचे दोन होतात, तेहि जुळे. याला प्रेरित उत्सर्जन म्हणतात. गोष्ट सोपी दिसते. पण तींत एक मोठी अडचण आहे. तोच प्रकाश खालच्या पायरीवरील अणूजवळून गेला, तर तो अणु त्याला गिळून वर चढतो. देणाऱ्यांपेक्षां गिळणारे अधिक असले, तर किरण वाढण्याऐवजीं विझतो. आणि निसर्गांत सर्वत्र खालच्या पायरीवरच गर्दी असते. किरण वाढावयाचा तर वरच्या पायरीवर खालचीपेक्षां अधिक अणु पाहिजेत, म्हणजे निसर्गाची सारी व्यवस्था उलटी करावयास हवी.

विद्युत्-विसर्जनांत अणु वर चढतात खरे. पण वेड्यावांकड्या वेगानें धांवणारे इलेक्ट्रॉन त्यांना वाटेल त्या पायरीवर चढवितात, वरच्याहि व खालच्याहि. १९२८ सालीं बर्लिन येथें लाडेनबुर्ग व कोप्फरमान यांनीं निऑनच्या नळीवरच प्रयोग करून, प्रवाह वाढविला असतां प्रेरित उत्सर्जनाचा परिणाम दिसूं लागतो, हें दाखविलें होतें. तरी तेवढ्यानें वरच्या पायरीचें बहुमत कांहीं झालें नाहीं. नळी तीच होती, वायु तोच होता. पुढचें पाऊल पडावयास तीस वर्षें जावीं लागलीं.

या तीस वर्षांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत चार्ल्स टाउन्स यांनीं १९५४ सालीं हेंच तत्त्व सूक्ष्मलहरींवर सिद्ध करून दाखविलें, व १९५८ सालीं त्यांनीं व आर्थर शॉलो यांनीं प्रकाशासाठीं तें कसें योजतां येईल याचा आराखडा प्रसिद्ध केला. मग स्पर्धाच लागली. ती कॅलिफोर्नियांतील थिओडोर मेमन यांनीं १६ मे १९६० रोजीं जिंकली. त्यांनीं माणकाच्या कांडीभोंवतीं छायाचित्रकाराच्या फ्लॅशसारखा दिवा गुंडाळून तिच्यांतून पहिला लेसर-प्रकाश काढला. तो दिवाहि झेनॉन वायूंतील विद्युत्-विसर्जनावरच चालणारा होता, हें विसरूं नये. मात्र माणकाचा लेसर एकेक झपाटा देई. अखंड वाहणारा किरण त्यांतून निघत नसे.

अखंड किरणाचा मान वायूला मिळावयाचा होता. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत अली जावान नांवाचे तरुण शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९२६ सालीं तेहरान येथें झाला. पुढें अमेरिकेंत टाउन्स यांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. वायूला बाहेरून दिव्यानें उजळण्याच्या भानगडींत न पडतां त्यांतून सरळ वीजच सोडावी, असें त्यांनीं ठरविलें. येथें शंकेखोरांचा आक्षेप उघड होता, व तो पोरकटहि नव्हता. विसर्जन म्हणजे निव्वळ गोंधळ. त्या गोंधळांत नेमकी हवी ती पायरी भरणार कशी? शिवाय विरल वायूंत अणु ते किती? माणकाच्या बोटभर कांडींत प्रकाशाला वाढविणारे अणु दाटीवाटीनें असतात. वायूंत ते शोधावे लागतात.

जावान यांचें उत्तर असें कीं, ज्या वायूनें प्रकाश द्यावयाचा त्याला विजेनें चढवूंच नये. चढवावें दुसऱ्याला, आणि त्यानें आपली शक्ति पहिल्याच्या हातीं द्यावी. यासाठीं त्यांनीं हेलियम व निऑन यांची जोडी निवडली. हेलियमला एक अशी पायरी आहे कीं, तिच्यावर चढलेल्या अणूला प्रकाश टाकून खालीं येण्याची वाट जवळजवळ बंद असते. अशा अणूला निर्वातांत एकटा सोडला, तर तो दोन तासांहून अधिक काळ तेथें अडकून राहील; इतर अणूंच्या सेकंदाच्या कोटीव्या भागाशीं याची तुलना करून पाहावी. या पायरीची उंची १९.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आणि निऑनच्या पायऱ्यांपैकीं एक आहे १९.७८ वर! म्हणजे भरलेला हेलियम-अणु निऑनच्या अणूवर आपटला, कीं आपली सारी शक्ति त्याला देऊन टाकतो, आणि उरलेला क्षुल्लक फरक दोघांच्या धांवण्यांत जिरून जातो. इलेक्ट्रॉन गोंधळ घालोत. हेलियम मात्र निऑनच्या नेमक्या त्याच पायरीवर माल पोंचवितो. विजेची बेहिशेबी उधळण एका मुनिमानें जमा करून घ्यावी व नेमून दिलेल्या खात्यावरच खर्च टाकावी, तसा हा प्रकार आहे.

हेलियमचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. हा वायु प्रथम कोंकणांतील विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून सांपडला, असें सांगण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. खरा इतिहास असा कीं, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत झान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदानें गुंटूर येथून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि लॉकयर यांनीं त्याच वर्षीं इंग्लंडांत राहूनच त्यांतील पिवळ्या रेघेचा छडा लावला. लॉकयर विजयदुर्गास आले होते हें खरें, पण तें १८९८ च्या ग्रहणास. तोंवर हेलियम पृथ्वीवरहि सांपडून तीन वर्षें झालीं होतीं. विजयदुर्गाला आपल्या इतिहासाचें ऐश्वर्य पुरेसें आहे; त्याला हा उसना दागिना नको.

वरची पायरी भरली, इतक्यानें काम भागत नाहीं. खालची रिकामी राहिली पाहिजे. विहिरीवरील रहाटाचीं गाडगीं वर येऊन पन्हाळींत पाणी ओततात. पण पन्हाळीचा पाट तुंबला, तर रहाट कितीहि फिरवा, शेतास पाणी मिळणार नाहीं. निऑनचें नशीब असें कीं, वरच्या पायरीवर त्याचा अणु जेवढा काळ टिकतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या सुमारासच तो खालच्या पायरीवर थांबतो. म्हणून खालची पायरी आपोआप मोकळी होत जाते. तिच्याहि खालीं मात्र एक अडचणीची पायरी आहे. तेथें अणु पुन्हां अडकतात, आणि त्यांची सुटका बहुतांशीं नळीच्या भिंतीवर आपटूनच होते. भिंत जवळ असावी म्हणून आजच्या हेलियम-निऑन नळींतील विसर्जनाचा मार्ग एक-दीड मिलिमीटर रुंदीचा, सुईसारखा ठेवतात. नळी मोठी केली कीं प्रकाश वाढेल, ही सामान्य बुद्धीची अपेक्षा येथें साफ चुकते.

जावान यांच्याबरोबर वर्णपटाचे जाणकार विल्यम बेनेट व आरशांच्या कामांतील तज्ज्ञ डोनाल्ड हेरियट हे होते. नळी सुमारें एक मीटर लांब. तींत हेलियमचा दाब एक मिलिमीटर पाऱ्याइतका, निऑनचा त्याच्या दहावा हिस्सा. बाहेरील हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आंत किती विरलता होती हें कळेल. दोन्ही टोकांस आंतल्या बाजूस दोन सपाट आरसे, परस्परांशीं समांतर. किरण एका आरशावरून दुसऱ्यावर येरझारा घालतो, आणि प्रत्येक खेपेस थोडा वाढतो. पण तो वाढतो किती? शेंकडा एक-दोन भाग. आरसा शेंकडा दोन-तीन भाग जरी गिळूं लागला, तरी सारा जमाखर्च तोट्यांत जाणार. म्हणून साधा रुपेरी आरसा निरुपयोगी होता. कांचेवर पारदर्शक द्रव्यांचे तेरा पातळ थर चढवून शेंकडा जवळजवळ ९९ भाग प्रकाश परतविणारे आरसे करावे लागले. ते केसभरहि तिरपे असून चालत नव्हतें, आणि ते नीट बसले कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहण्याची सोय नव्हती; कारण जो प्रकाश अपेक्षित होता तो तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त, अदृश्य होता. आंधळ्यानें सुईंत दोरा ओंवावा तसें तें काम होतें.

१२ डिसेंबर १९६० रोजीं, दिवस मावळतीस आला असतां, हेरियट आरशांचे स्क्रू किंचित् इकडे तिकडे फिरवीत होते, आणि मापकाच्या पडद्यावर एकाएकीं उंच रेघ उमटली. १.१५३ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण नळींतून अखंड वाहूं लागला होता. दुसऱ्याच दिवशीं त्या किरणावर स्वार करून दूरध्वनीवरील संभाषण पाठविण्यांत आलें. मेमन पहिले, हें निर्विवाद. परंतु जावान यांच्या यशांत एक विशेष आहे: त्यांनीं १९५९ सालींच, हातीं कांहींहि नसतां, हेलियम-निऑनच्या टकरींचा विचार मांडून लेख प्रसिद्ध केला होता, आणि मग त्या हिशेबाबरहुकूम नळी बांधली. तो हिशेब थोडा जरी चुकला असता, तरी दोन वर्षांचे श्रम पाण्यांत गेले असते.

१९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंतच व्हाइट व रिग्डेन यांनीं हेलियमच्या दुसऱ्या, किंचित् उंच पायरीचा उपयोग करून ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा, दृश्य किरण मिळविला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थी ज्या लाल किरणानें प्रयोग करतात तो हाच. २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवीं एका दुकानांत च्युइंगगमच्या पुडक्यावरील काळ्यापांढऱ्या रेघा प्रथमच यंत्रानें वाचून दाम वसूल केले, तेव्हां वाचणारा किरण हेलियम-निऑनचाच होता. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. ती प्रत्यक्षांत उतरविण्यासाठीं आयोडीनच्या वाफेशीं जुळवून स्थिर केलेला हाच लाल किरण कामीं आला.

मात्र या नळीची मिळकत खर्चाच्या मानानें अगदींच तुटपुंजी. दहा वॉट वीज खर्चावी तेव्हां एक-दोन मिलिवॉटचा किरण हातीं यावा! कारण उघड आहे. हेलियमला चढविण्यास वीस रुपये लागतात, आणि प्रकाशाच्या रूपानें परत मिळतात दोन. तेहि प्रत्येक रुपया नीट पोंचला तर. मोठ्या कामांसाठीं अशा वायूची गरज होती कीं, ज्याच्या पायऱ्या बुटक्या आहेत. तो ज्यांनीं शोधला ते चंद्रकुमार पटेल आपल्या बारामतीचे. १९३८ सालीं त्यांचा तेथें जन्म झाला. १९५८ सालीं पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले, आणि तेथून बेल प्रयोगशाळेंत दाखल झाले. त्यांनीं अणु सोडून रेणु हातीं घेतला, तोहि आपल्या प्रत्येक निःश्वासांत असणारा कार्बन डायॉक्साइडचा. रेणूंतील अणु जणूं स्प्रिंगांनीं जोडल्यासारखे कांपत असतात, आणि त्या कंपनांच्याहि पायऱ्या असतात. पण उंचीला अगदीं ठेंगण्या, सुमारें ०.२९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १९६४ सालीं त्यांच्या नळीनें प्रथम मिलिवॉटच्या घरांतलाच किरण दिला. मग त्यांनीं तिला जोडीदार दिला तो हवेंतील नायट्रोजन.

येथें हेलियम-निऑनची कथा नव्या पात्रांनिशीं पुन्हां घडते. नायट्रोजनच्या रेणूचे दोन्ही अणु सारखे असल्यामुळें त्याला आपलें कंपन प्रकाशाच्या रूपानें टाकतां येत नाहीं. विजेनें त्याला कांपविला कीं तो ती शक्ति धरून बसतो. आणि त्याच्या कंपनाची पायरी कार्बन डायॉक्साइडच्या हव्या त्या पायरीशीं जवळजवळ समपातळींत आहे. टक्कर झाली कीं शक्तीचें हस्तांतर झालेंच. पुढें या मिश्रणांत हेलियमहि घातला. पण आतां त्याचें काम निराळें. तो नळींतील उष्णता भिंतीकडे वाहून नेतो व खालची पायरी रिकामी करतो, म्हणजे पाट तुंबूं देत नाहीं. १९६५ सालीं ही नळी शंभर वॉटच्या पलीकडे गेली. तीस पैसे देऊन बारा पैशांचा माल मिळावा, असा हा सौदा. प्रत्यक्षांत विजेच्या शेंकडा दहा ते वीस भाग शक्ति किरणांत उतरते. वायूच्या लेसरांत हें प्रमाण फारच मोठें आहे.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तो डोळ्यांना दिसत नाहीं, आणि साध्या कांचेंतून पारहि जात नाहीं. कांच त्याला गिळते. लांकूड, कागद, कातडें, प्लास्टिक, पाणी, सारीं त्याला गिळतात, आणि जेथें गिळतात तेथें जळतात. हल्लींच्या लग्नपत्रिकांवर जी जाळीदार कागदी नक्षी असते, ती बहुधा याच किरणानें कापलेली असते. शस्त्रवैद्य त्यानें मांस कापतात तेव्हां लहान रक्तवाहिन्या जागच्या जागीं बंद होतात. एक इशारा दिला पाहिजे. बाजारांत स्वस्त कापणीयंत्रें मिळूं लागलीं आहेत, आणि त्यांतील नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो. किरणापासून डोळ्यांचा बचाव चष्म्यानें होईल. त्या दाबाच्या तारेस हात लागला, तर पुन्हां विचार करण्यास सवड मिळणार नाहीं.

वायूच्या लेसरांचें कुटुंब पुढें पुष्कळ वाढलें. १९६४ सालींच विल्यम ब्रिजेस यांनीं आर्गॉनचा निळा-हिरवा लेसर केला, व मधुमेह्यांच्या नेत्रपटलावरील झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करण्यास तो वर्षानुवर्षें वापरला गेला. त्याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे आर्गॉन व फ्लोरिन यांचा. आर्गॉन या नांवाचा मूळ अर्थच आळशी. तो कोणाशीं संयोग पावत नाहीं. परंतु विजेच्या झटक्यानें उत्तेजित झाला कीं तोच फ्लोरिनच्या गळ्यांत पडतो. प्रकाश टाकला कीं दोघे लगेच विभक्त. म्हणजे खालच्या पायरीवर कोणी राहतच नाहीं. पाट तुंबण्याचा प्रश्नच मिटला! त्याचा प्रकाश १९३ नॅनोमीटरचा, तीव्र अतिनील. मूळचे मद्रासकडील असलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेंतील आयबीएम् कंपनीच्या प्रयोगशाळेंत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजीं त्यांनीं सणाच्या जेवणांत उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हा प्रकाश टाकला, तेव्हां आजूबाजूस न करपतां स्वच्छ खांच पडली. १९८३ सालीं न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य ट्रोकेल यांच्यासह त्यांनीं तोच प्रयोग डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर केला. आज चष्मा सोडविण्यासाठीं जी शस्त्रक्रिया होते, तिचें मूळ त्या शिळ्या मांसाच्या तुकड्यांत आहे.

पुष्कळ ठिकाणीं आतां स्फटिकांच्या चिमुकल्या लेसरांनीं व तंतुरूप लेसरांनीं नळीला मागें सारलें आहे. दुकानांतील यंत्रांत हेलियम-निऑन राहिला नाहीं, आणि पत्रा कापण्याच्या कारखान्यांतून कार्बन डायॉक्साइडचाहि अंमल ओसरला. तथापि संगणकाच्या चकत्या ज्या कारखान्यांत कोरल्या जातात, तेथें आर्गॉन-फ्लोरिनचा प्रकाश अजून राबत आहे. आणि अत्यंत सूक्ष्म कोरीव कामासाठीं कथलाच्या वितळलेल्या थेंबांवर, सेकंदास सुमारें ५०,००० थेंब या वेगानें, पटेल यांच्याच जातीच्या लेसराचे तडाखे मारून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढतात.

हेलियम-निऑनची लाल नळी महाविद्यालयांच्या कपाटांत मात्र अद्याप आढळते, आणि कधीं कधीं न वापरतांच मरते. हेलियमचा अणु इतका लहान कीं, तो कांचेंतून व जुन्या नळ्यांच्या टोकांशीं असलेल्या चिकट सांध्यांतून हळूहळू निसटून जातो. निऑन मागें राहतो, वीज वाहते, नळी उजळतेहि. पण मुनीम निघून गेलेला असल्यामुळें किरण निघत नाहीं. अशी नळी टाकून देण्यापूर्वीं ती हेलियमनें भरलेल्या पिशवींत कांहीं दिवस ठेवून पाहावी. ज्या वाटेनें वायु बाहेर गेला, त्याच वाटेनें तो पुन्हां आंत शिरतो, आणि सांधे फार जुने झाले नसले, तर लाल किरण परत येतो.